हाताची माळ

आत्या, परवा जठारपेठेतल्या दवाखान्यात गेले, तर दाराला झेंडूची माळ होती.

मी पायरीवरच थांबले. तुला जाऊन महिना झाला, आणि दारावरची ती माळ तुझ्याखेरीज कोणी ओवत नसे. शिवाय गेलं वर्षभर तूही ती ओवत नव्हतीस, कारण मीच ती बंद केली होती. भर उन्हात उभी राहून मी त्या फुलांकडे बघत राहिले. आतून स्टोचा आवाज येत होता. क्षणभर वाटलं, आत पाऊल टाकलं की तू मान न वळवता म्हणशील, "आली काय व सुमन? हात धू आंधी."

मला लिहायची सवय नाही. कॉलेजात प्रयोगाच्या वहीत लिहिते तेवढंच. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपल्या घरात याआधी कोणी कोणाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून माणूस गेल्यावर काय लिहायचं असतं हेही मला ठाऊक नाही. पण तुझ्याशी एक बोलणं राहून गेलं आहे. ते तोंडाने बोलायची वेळ माझ्यावर आली होती, आणि त्या वेळी मी खोटं बोलले.

तू दातांच्या दवाखान्यात कामाला लागलीस तेव्हा मी मराठी शाळेत होते. मळ्याशेजारच्या बायका तुझ्यापासून जरा सरकून बसत. एक जण तर तोंडावर म्हणाली होती, "अवं वेनू, लोकाइच्या तोंडातलं रगत धुतं तू, अन् त्याच हातानं देवाचे हार ओवतं?" तू फुलाच्या देठात सुई घालता घालता म्हणालीस, "रगत साऱ्याइचं सारखंच असते बाई. तोंडाचा वास तेवढा ज्याचा त्याचा." सगळ्या हसल्या. पण सरकून बसायच्या त्या बसल्याच.

सकाळी बाबांबरोबर फुलं तोडायची, मोर्णेकाठच्या मळ्यातून चालत जठारपेठ गाठायची, आणि मग दिवसभर डॉक्टरसाहेबांचे चिमटे, सुया, काचेच्या पिचकाऱ्या धुवायच्या, बोथटलेल्या सुया दगडावर घासून पुन्हा टोकदार करायच्या आणि सगळं उकळून ठेवायचं. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये, एवढंच तुझं काम. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वेणूबाई, उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं. त्यात तडजोड नाही."

भिंतीवर घड्याळ होतं. तुला ते वाचता येत नव्हतं, आणि तसं सांगायची तुला लाजही वाटली नाही. "साहेब, उद्या एकडाव तुमी घड्याळ घेऊन बसा माह्यापाशी," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी टोपलीत झेंडू, सुई आणि दोरा घेऊन गेलीस. उकळी फुटली तशी ओवायला लागलीस. साहेबांनी "झाली वीस" म्हटलं तिथे गाठ मारलीस आणि ती माळ आपल्या हाताला लावून मापलीस. बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत, आणि वर एक वीत. त्यानंतर तुझं घड्याळ तेच. साहेबांनी मला पुढे कौतुकाने सांगितलं, की त्यांनी अधूनमधून गुपचूप ताडून पाहिलं होतं. माळ कधी वीसला झाली, कधी बाविसाला. वीसच्या आत कधीच नाही.

त्या माळेचा आणखी एक नियम होता. भांडं उकळत असताना कोणी मध्येच एखादा चिमटा आत टाकला, की तू ओवलेली सगळी फुलं काढून टाकायचीस आणि पहिल्यापासून सुरुवात करायचीस. एकदा खुद्द साहेबांनीच घाईत एक टाकला. तू त्यांच्यादेखत दोरा ओढून फुलं टोपलीत पाडलीस.

"वेणूबाई, दोनच मिनिटं उरली होती हो! बाहेर पेशंट बोंबलतोय."

"भांडं नवं झालं साहेब, माळबी नवी. बोंबलू द्या. बोंबलते म्हंजे जित्ता हाय."

हे मी स्वतः ऐकलं आहे. बाकावर बसून शाळेचा अभ्यास करत होते. तिथेच मला वाटलं होतं, की आपण शिकावं, आणि हे उकळण्याचं काय गौडबंगाल आहे ते समजून घ्यावं. मॅट्रिकनंतर बाबा "बस झालं" म्हणाले तेव्हा तू साहेबांना मळ्यात घेऊन आलीस. दातांचा डॉक्टर आपल्या बाजेवर बसलेला पाहून बाबा इतके गोंधळले, की त्यांनी हो म्हणून टाकलं. मी अमरावतीला गेले ती तुझ्यामुळे. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात रडून परत आले तेव्हा बडनेऱ्यापर्यंत पुन्हा सोडायला आलीस तीही तूच. गाडी बदलताना म्हणालीस, "रड, पन गाडीत बसून रड."

आणि मी शिकून काय केलं, आत्या?

तू उकळायचीस दोनदा. हे साहेबांनी शिकवलेलं नव्हतं. रक्ताने भरलेली हत्यारं ट्रेमधून आली की त्यांना हात न लावता तू ती सरळ पाण्यात उलटी करायचीस आणि एकदा उकळायचीस. त्या वेळची माळ आखूड, कोपरापर्यंत. तिला तू 'हाताची माळ' म्हणायचीस. मग धुवायचीस, सुयांच्या भोकातून तार फिरवायचीस, दगडावर घासायचीस, आणि पुन्हा उकळायचीस. ती मोठी, 'तोंडाची माळ'. तोंडाची माळ आतल्या गणपतीच्या तसबिरीला. हाताची माळ देवाला कधी नाही. ती दवाखान्याच्या दाराला.

"दोनदा कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

तू तळहात पुढे केलेस. फुलं तोडणारीचे हात. गुलाबाचे काटे, कातरीचे ओरखडे, सुईचे टोचे. एक बोट धड नव्हतं. "कोनाचं रगत हाय, मले काय ठाऊक? अन् हे पाह्य, माह्या हाताले किती दारं हायेत."

त्या वेळी मी हसले होते.

गेल्या उन्हाळ्यात मी पहिलं वर्ष करून आले. जंतूंचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं आणि त्यातलं सगळं मला खरं करून दाखवायचं होतं. मी दवाखान्यात आले आणि तुझी पहिली माळ पाहून म्हणाले, "आत्या, हे चुकतंय." मी तुझ्या हातातून एक उकळलेली सुई घेतली, उजेडात धरली आणि साहेबांना भोकातली काळी रेघ दाखवली. रक्त उकळलं की अंड्यासारखं घट्ट होतं, चिकटतं, मग धुतलं तरी निघत नाही, आणि त्याच्या आत जंतू दडून राहतात. म्हणून आधी थंड पाण्यात धुवायचं, मगच उकळायचं. पहिली उकळी नुसती निरुपयोगी नाही, ती घातक आहे. मी 'घातक' हा शब्द वापरला होता. मला तो तेव्हा आवडायचा.

साहेबांनी सुई पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "सुमनचं बरोबर आहे, वेणूबाई," ते म्हणाले. "आपल्या लक्षात कसं नाही आलं?"

तू दोघांकडे पाहिलंस. रागावली नव्हतीस. तू विचारलंस, "मंग हाताचं काय?"

मी म्हणाले, "साबणाने धुवायचे, आत्या."

इतकं सोपं करून म्हणाले मी. पुस्तकात हातांबद्दल नव्हतंच काही. पुस्तकात रोगी होता, जंतू होता आणि डॉक्टर होता. ट्रे उचलून नेणारी बाई त्या पुस्तकात नव्हती, आणि ती नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझं सांगणं चूक नव्हतं, हेच तर मला झोपू देत नाही. चूक असतं तर मी चुकले म्हणून पाया पडले असते. सुईच्या भोकातली काळी रेघ खरी होती. तुझ्या हातांची दारंही खरी होती. मी एक खरं उचललं आणि दुसरं खाली पडू दिलं.

तू त्यानंतर भांडलीच नाहीस. भांडायला हवं होतंस! तू साहेबांशी भांडायचीस, बाबांशी भांडायचीस, भाजीबाजारातल्या अडत्याला रडवायचीस, आणि माझ्यापुढेच कशी गप्प झालीस? दुसऱ्या दिवसापासून एकच माळ. दार रिकामं. जुने पेशंट विचारायचे, "वेणूबाई, दाराचं तोरण काहून नाई आज?" आणि तू मान ताठ करून सांगायचीस, "आमची सुमन शिकली ना अमरावतीले. आता एकच माळ पुरते." तेव्हा ते ऐकून मला बरं वाटायचं. आता ते वाक्य मला वर्गात ऐकू येतं, मेसमध्ये ऐकू येतं. प्राध्यापक फळ्याकडे वळले, की पाठीमागून कोणी तरी म्हणतं, एकच माळ पुरते.

दिवाळीत आले तेव्हा तुझ्या अंगठ्याला चिंधी होती.

"काय झालं?"

"सुई लागली."

"ओवताना?"

"नाई व. दवाखान्यातली. घासतांनी सटकली." चिंधीखाली हळद होती. "ओवाची सुई काय अन् दाताची सुई काय, दोघीइले माहाच अंगठा सापडते." तू हसलीस आणि अनारशांच्या पिठाला लागलीस. मी पण हसले. जंतूंचं पुस्तक माझ्या त्याच पिशवीत होतं.

होळीनंतर बाबांनी कोणाकडून तरी कार्ड लिहवून पाठवलं, की वेणीला कावीळ झाली आहे, काळजी करू नये. मी काळजी केली नाही. मी वाचनालयात गेले. एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, मला ओळ ओळ लावून वाचावं लागतं. त्यात लिहिलं होतं, की एक कावीळ पाण्यातून, अन्नातून पसरते, आणि एक रक्तातून. बाधलेल्या माणसाला टोचलेली सुई दुसऱ्याला लागली तर. आणि ही दुसरी लगेच दिसत नाही. दोन महिने, तीन, चार, कधी त्याहून जास्त अंगात गप्प बसून राहते. मी ते वाक्य परत वाचलं. दिवाळी, संक्रांत, होळी. पुस्तक मिटलं आणि तिथल्या शिपायाला म्हणाले, "पंखा चालू आहे का हो?" पंखा चालूच होता.

मी आले तेव्हा तू अंगणात निंबाखाली बाजेवर होतीस. डोळे हळदीसारखे. आणि डोक्यावर काड्यांची माळ.

बाबा ती एस.टी.ने जाऊन अंजनगाव सुर्जीहून घेऊन आले होते. तिथला कोणी काविळीची माळ देतो. डोक्यावर ठेवायची, ती आपोआप वाढत वाढत गळ्यात येते, मग छातीवर, आणि तिच्याबरोबर कावीळ खाली उतरते. बाबा दर तासाला येऊन बघत होते. "वाढली, वाढली," म्हणत होते. ते बैलांकडे गेल्यावर तू मला खुणेने जवळ बोलावलंस.

"हे पाह्य. गाठी कशा टाकल्या पाह्य त्यानं. काडी वाळली का दोरा सुटत जाते. माळ वाढत नाई सुमन, सैल पडते." माळ्याच्या घरची बाई, तुला कोण फसवणार होतं? "हुशार हाय पन गडी."

"मग काढून टाक की आत्या."

"काहून? तुह्या बापाले कावीळ उतरतांनी दिसून राहिली. दिसू दे." मग डोळे मिटून म्हणालीस, "एक माळ लग्नात पडली होती गळ्यात, तो मानूस सोडून गेला. आता ही पडली. पाहू हे काय सोडवते."

मी हसले. तुझ्यापाशी हसू यायचंच. ही गोष्ट मला नीट आठवून ठेवायला हवी होती, की तुला गाठ ओळखता येते, आणि ओळखूनही तू समोरच्यासाठी माळ डोक्यावर ठेवतेस. मला ते त्या वेळी उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू विचारलंस. बाबा ओसरीच्या उंबऱ्यावर मोटेचा दोर वळत बसले होते. तू माझ्याकडे कूस वळवलीस.

"सुमन, तू शिकून राहिली. सांग बरं मले. हे आलं कुठून?"

उत्तर माझ्याजवळ होतं. शाळेत मास्तरांनी विचारल्यावर सगळ्यात आधी हात वर करणारी मी. मी म्हणाले, "पाण्यातून येते आत्या. पाणी खराब असलं की."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस.

"पान्यातून," तू म्हणालीस. "असन बाप्पा. पान्यातूनच असन."

तेव्हा मागे दोर वळायचा आवाज थांबला. बाबा उठून आले. "गेल्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढाचा राहिला," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. "मी म्हटलं पुढच्या साली काढू. म्याच म्हटलं."

"तसं काई नसते रे दादा," तू म्हणालीस. आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलंस.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी तुझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

तू गेल्यानंतर बाबांनी विहिरीच्या पिण्याच्या पाण्याच्या बाजूची कप्पी काढून टाकली आणि तिथे बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून आणून रचल्या. मोटेची बाजू तेवढी उघडी. "फुलाले चालते, मानसाले नाई," एवढंच बोलले. आई आता तीन शेतं ओलांडून दुसऱ्यांच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच सांगत, "माह्या आळसानं माही बहीण खाल्ली." लोक समजूत काढत, मी चहाचे कप उचलत असे. एकाच विहिरीचं पाणी आम्ही चौघं प्यायलो आणि पिवळी तू एकटीच झालीस, हे बाबांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

रात्रीचं मी नाही सांगत. दिवसाचंच सांगते. दिवसाढवळ्या नळावर हात धुताना मला माझे हात तुझ्यासारखे दिसतात.

म्हणून परवा दवाखान्यात गेले होते. साहेबांना तरी सांगावं, कोणाला तरी सांगावं म्हणून. तर दाराला माळ.

आत तुझ्या पाटावर शांताबाई बसली होती. मंगळवारच्या बाजारात फुलांच्या वाट्यांसमोर बसायची तीच. तुझ्या आजारपणात तूच तिला तिथे लावलीस. तिने मान वर केली.

"तू सुमन ना? बस. हात नोको लावू कशाले."

"शांताबाई, दाराची माळ..."

"पहिली हाताची, मंग तोंडाची," ती म्हणाली, शाळेतली मुलगी पाढा म्हणते तशी. "वेनूबाईनं बाजेवर पडल्या पडल्या शिकवलं मले. म्हने, माहा हात गेला शांते, तुहा नोको जाऊ देऊ."

मी विचारलं, "हे कधी सांगितलं?"

"होळी झाली, त्याच्या दोन-तीन दिसानं. तू तं अमरावतीले होती." मग तिने दोऱ्यावर एक फूल सरकवलं. "मले म्हने सुमनले सांगजो नोको. पोट्टी शिकून राहिली, तिले वाईट वाटन, पुस्तक टाकून देईन. आता सांगून बसली म्या. माहं तोंडच असं."

होळीनंतर दोन-तीन दिवसांनी. म्हणजे मी घरी यायच्या आधी. म्हणजे मला विचारलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं.

मग विचारलंस कशाला, आत्या? हा प्रश्न मी परवापासून तुला विचारते आहे. मी खरं बोलते का ते बघायचं होतं? की मला बोलून मोकळं व्हायला जागा करून देत होतीस? की पुस्तकात दुसरं काही तरी निघावं, हे माझ्यामुळे नाही, दुसरीकडून कुठून तरी आलेलं निघावं, असं तुलाच वाटत होतं? मी सैल गाठीची माळ तुझ्यापुढे धरली आणि तू ती डोक्यावर ठेवलीस. "असन बाप्पा." तुझा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसून राहिले, बाहेर एक माणूस गाल धरून कण्हत होता तरी. मग म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं. तुला नाही, मला." त्याने मला हलकं वाटलं नाही, पण त्यांनी ते म्हटलं हे तुला कळावं. आम्ही बसून ठरवलं. ट्रेमधली हत्यारं आधी कारबोलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवून ठेवायची, झाकण लावून, त्यांना कोणीही हात न लावता. उकळी नाही, म्हणजे रक्त घट्ट होणार नाही. मग जाड रबरी हातमोजे घालून धुवायची. मग उकळायची. साहेब हातमोजे नागपूरहून मागवणार आहेत. तुझं खरं आणि माझं खरं दोन्ही एका भांड्यात बसत होती, आत्या. त्या दिवशी आपण अर्धा तास नीट भांडलो असतो तर तेव्हाच बसली असती.

"मंग माळ?" शांताबाईने विचारलं.

साहेब म्हणाले, "हाताची माळ कोपरापर्यंत होती ना? आता बुडवून ठेवायला ती खांद्यापर्यंत करा. वेणूबाईंच्या हाताने मोजून नाही, पण... करा."

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा विहिरीजवळ दोर गुंडाळत होते. मी जाऊन समोर उभी राहिले. प्रयोगाच्या वहीसारखं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, पण सुरुवातच शेवटाने झाली.

"बाबा, पाण्यातून नाही आलं."

मग सगळं सांगितलं. दोन माळा, भोकातली काळी रेघ, साबण, चिंधी, वाचनालय. माझं खोटं बोलणं. शांताबाईचं बोलणं. बाबांच्या हातातला दोर गुंडाळून संपला, तो त्यांनी पुन्हा सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

"वेनीले ठाऊक होतं?"

"हो."

"अन् तुले?"

"हो."

ते माझ्याकडे बघत नव्हते. बाभळीच्या फांद्यांकडे बघत होते. "तुमी दोघी एकमेकीले सांभाळत बसल्या," ते म्हणाले. "मी दोघीइच्या मधात होतो, मी नाई दिसलो कोनाले." मग म्हणाले, "अन् या विहिरीनं काय केलं होतं तुमचं?"

मी म्हणाले, "बाबा, मला मारा."

"चाल," ते म्हणाले. "त्या फांद्या धर तिकडून."

आम्ही एकेक फांदी ओढून बाजूला केली. त्यांच्या तळहातात काटा गेला. मी पुढे झाले तर त्यांनी हात मागे घेतला, दाताने काटा काढला आणि थुंकला. कप्पी गोठ्यात होती, ती आणून बसवली. बादली सोडली. किती तरी दिवसांनी ती कप्पी वाजली तशी आई चुलीपासून उठून दारात आली. डोक्यावर पाणी वाहून तिची मान आखडली आहे. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

बाबांनी बादली काठावर टेकवली, ओंजळ भरली आणि प्यायले. पुन्हा भरली आणि प्यायले. मिशा पुसल्या. मग ओंजळ माझ्याकडे केली, लहानपणी मोटेवर पाजायचे तशी.

"पे."

मी प्यायले. पाणी थंड होतं, आत्या. जरा मातकट लागलं. गाळ मात्र खरंच काढायला झाला आहे. सोमवारी सकाळी बाबा आणि मी विहिरीत उतरतो आहोत.